नावे लिहून ठेवणारे कार्यालय
चिलीच्या ख्रिस्तसभेने उभारलेल्या ‘विकारिया’ची ओळख

दरवर्षी १० डिसेंबरला मानवी हक्क दिन येतो. आपल्याकडे तेव्हा आगमनकाळ चालू असतो, गोठ्याची आणि नाताळाच्या फराळाची तयारी असते, आणि तो दिवस आला कधी नि गेला कधी हे कळतही नाही. शिवाय ‘मानवी हक्क’ हे शब्द वेदीवरून ऐकू आले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. हे काम वकिलांचे, मोर्चे काढणाऱ्यांचे. देवळाचे काम प्रार्थनेचे, असे मनापासून मानणारी माणसे आपल्या धर्मग्रामातही आहेत. त्यांचे म्हणणे आम्ही थट्टेवारी नेत नाही. पण एका देशातील ख्रिस्तसभेला हे काम हाती का घ्यावे लागले, ते कसे सुरू झाले आणि त्यातून पुढे काय उरले, हे एकदा नीट समजून घ्यावे म्हणून आजच्या अभ्यासासाठी चिली या देशातील ‘विकारिया’ नावाचे कार्यालय निवडले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. पोप तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी ‘पाचेम इन तेरिस’ हे परिपत्रक काढले आणि त्यात माणसाच्या हक्कांची व कर्तव्यांची सविस्तर मांडणी केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तोच विचार पुढे नेला. म्हणजे मानवी हक्क ही बाहेरून येऊन देवळात शिरलेली कल्पना नाही, ती ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणुकीत आहे. परंतु शिकवण कागदावर असणे आणि तिच्यासाठी दार उघडून बसणे यांत बरेच अंतर असते.

चिली हा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लांबट, चिंचोळा देश. बहुसंख्य लोक कॅथोलिक. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तेथे लष्कराने उठाव केला. राजधानी सांतियागोमधील राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर विमानांतून बॉम्ब टाकण्यात आले, निवडून आलेले अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचा त्याच दिवशी अंत झाला आणि जनरल आउगुस्तो पिनोचे यांची लष्करी राजवट सुरू झाली. संसद बंद झाली. राजकीय पक्षांवर बंदी आली, कामगार संघटनांची तोंडे बांधली गेली, वर्तमानपत्रांवर पहारा बसला. सांतियागोचे राष्ट्रीय क्रीडांगण, जिथे लोक फुटबॉल बघायला जात, ते हजारो कैद्यांचे कोठार बनले.

अशा वेळी घरच्या माणसांनी काय करावे? रात्री लष्कराची गाडी आली, नवऱ्याला किंवा मुलाला घेऊन गेली. सकाळी बायको पोलीस ठाण्यात गेली तर उत्तर मिळाले, ‘असा कोणी माणूस आमच्याकडे नाही.’ तुरुंगात गेली, इस्पितळात गेली, शवागारात गेली, सगळीकडे तेच. मग ती आपल्या धर्मग्रामाच्या फादरांकडे गेली. दुसरे दार उघडे राहिलेच नव्हते. चिलीच्या ख्रिस्तसभेने ही जबाबदारी आपण होऊन शोधली असे म्हणण्यापेक्षा, रडत आलेल्या बायकांनी ती तिच्या दाराशी आणून ठेवली असे म्हणणे आम्हांला अधिक खरे वाटते.

सांतियागोचे आर्चबिशप तेव्हा कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेस होते. ते सालेशियन संघाचे. धर्मगुरू होण्यापूर्वी कायद्याचे शिक्षण घेतलेले. चिलीत कारितासचे काम उभे केलेले. उठाव झाल्यावर महिना उलटायच्या आत, ऑक्टोबर १९७३ मध्ये, त्यांनी इतर ख्रिस्ती पंथांना आणि ज्यू समाजाला बरोबर घेऊन एक समिती स्थापन केली. तिला लोक ‘कोमिते प्रो पास’, म्हणजे शांतता समिती, म्हणत. कॅथोलिक सहायक बिशप फेर्नांदो आरिस्तिया आणि ल्युथेरन बिशप हेल्मुट फ्रेंझ हे दोघे तिचे प्रमुख. फ्रेंझ जर्मनीहून आलेले होते. या कामामुळे त्यांच्या स्वतःच्या पंथात फूट पडली. त्यांच्या कळपातील अनेक सुखवस्तू कुटुंबे त्यांना सोडून गेली. हे सांगून ठेवणे आवश्यक आहे, कारण अशा कामाची किंमत पुष्कळदा आपल्याच लोकांच्या नाराजीतून मोजावी लागते.

समितीचे काम कसे चाले? आलेल्या माणसाला प्रथम बसवायचे आणि त्याचे सगळे ऐकून घ्यायचे. समाजसेविका ते लिहून घेई: नाव काय, वय काय, काम काय, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणी नेले, गाडी कसली होती, अंगावर कपडे कोणते होते, शेजारच्या कोणी पाहिले. मग ते कागद वकिलाकडे जात आणि वकील न्यायालयात अर्ज करी. आपल्याकडे ज्याला ‘हेबियस कॉर्पस’ किंवा बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात तसाच हा अर्ज: धरून नेलेला माणूस न्यायाधीशासमोर हजर करा, एवढीच मागणी. हजारो अर्ज झाले. मंजूर झालेले बोटांवर मोजता येतील इतके. न्यायालय सरकारला विचारी, सरकार ‘आमच्याकडे नाही’ असे लिहून कळवी, अर्ज फेटाळला जाई. (आपणही यावरून फार मान ताठ करू नये. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले होते की आणीबाणी चालू असेतो असा अर्ज करता येणार नाही. तो निकाल चुकीचा होता असे त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले.)

मग फेटाळला जाणार हे ठाऊक असूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा अर्ज का करायचा? वकिलांनाही हा प्रश्न पडत असणारच. परंतु त्यातून एक गोष्ट होत होती. सरकार ज्या माणसाला ‘नाही’ म्हणत होते, त्याचे नाव, पकडल्याची तारीख आणि साक्षीदार हे सारे कोर्टाच्या शिक्क्यासह कुठेतरी नोंदले जात होते. १९७५ मध्ये चिलीच्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रसंघात असे सांगितले की बेपत्ता म्हणवल्या जाणाऱ्यांपैकी कित्येकांना कायदेशीर अस्तित्वच नाही. म्हणजे ही माणसे जन्मलीच नव्हती म्हणायचे! ज्यांच्या स्नानसंस्काराची नोंद धर्मग्रामाच्या वहीत होती, ज्यांची मुले त्याच देवळात पहिला ख्रिस्तप्रसाद घ्यायला उभी होती, त्यांच्याबद्दल हे बोलले गेले.

१९७५ च्या अखेरीस समितीवर घाला आला. ऑक्टोबरमध्ये बिशप फ्रेंझ परदेशी गेले असता त्यांना देशात परत येण्यास बंदी करण्यात आली. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी शीला कॅसिडी या इंग्लिश डॉक्टरीणबाईंना सांतियागोमधील कोलंबन धर्मगुरूंच्या घरातून पकडले गेले. त्यांचा गुन्हा हा की सरकारला हव्या असलेल्या एका जखमी माणसावर त्यांनी उपचार केले होते. पकडताना झालेल्या गोळीबारात त्या घरात काम करणारी बाई ठार झाली. कॅसिडींना विजेचे झटके देण्यात आले. डिसेंबरअखेर त्यांना देशाबाहेर काढले. काही धर्मगुरूही अटकेत गेले. याच सुमारास पिनोचे यांनी कार्डिनलना पत्र लिहून समिती बंद करण्यास सांगितले आणि वर्ष संपता संपता ती बंद झाली.

येथे कार्डिनलांमधला वकील दिसतो. समिती ही अनेक पंथांनी मिळून बनवलेली संस्था होती, म्हणून सरकार तिच्यावर दडपण आणू शकले. १ जानेवारी १९७६ रोजी त्यांनी त्याच कामासाठी आपल्या महाधर्मप्रांताचाच एक विभाग निर्माण केला: ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’. विकारिया म्हणजे आर्चबिशपांच्या विकराकडे सोपवलेला विभाग. सोलिदारिदाद म्हणजे ऐक्यभाव. आता तो बंद करायचा तर सरकारला थेट आर्चबिशपांच्या अधिकारात हात घालावा लागला असता, आणि कॅथोलिक देशात स्वतःला ख्रिस्ती संस्कृतीचा रक्षक म्हणवणाऱ्या राजवटीला ते परवडणारे नव्हते. कार्यालयाची जागाही शहराच्या मुख्य चौकात, कॅथेड्रलला लागून. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे दार.

विकारियाचे काम पाहता पाहता वाढले. वकील होतेच, डॉक्टर आले, परिचारिका आल्या. नोकऱ्या गेलेल्यांच्या वस्त्यांत मुलांसाठी जेवणघरे निघाली, सामुदायिक चुली पेटल्या, लहान दवाखाने उघडले. बेपत्ता झालेल्यांच्या बायका आणि आया एकत्र बसून गोणीच्या कापडावर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवून चित्रे करू लागल्या. त्यांना ‘आर्पियेरा’ म्हणतात. आपल्या आजीच्या गोधडीसारखे ठिगळकाम, पण त्यात तुरुंगाचे दार आहे, रिकामी खुर्ची आहे, हातात फोटो धरून उभ्या बाया आहेत. काही वेळा ठिगळ म्हणून लावलेला तुकडा त्या हरवलेल्या माणसाच्याच सदऱ्याचा असे. विकारिया ही चित्रे विकत घेऊन परदेशी पाठवी. त्यातून घरात चार पैसे येत आणि चिलीत काय चालले आहे हे जगाला कळे. मे १९७६ पासून विकारियाने ‘सोलिदारिदाद’ नावाचे पाक्षिकही काढले. ते वाटले जाई धर्मग्रामांतून, तुमच्या हातात आता जसे हे पत्रक आहे तसेच. वर्तमानपत्रे गप्प असताना लोकांना खरी बातमी त्या पानांत सापडत असे.

आता लोंकेनची हकिकत. हे सगळे लिहून ठेवणे कशासाठी होते ते तिच्यातून कळते.

सांतियागोच्या नैर्ऋत्येला इस्ला दे माइपो नावाचे शेतकरी गाव आहे. ७ ऑक्टोबर १९७३ रोजी तेथून पोलिसांनी पंधरा माणसे नेली. एका घरातील बाप आणि त्याचे चार मुलगे. दुसऱ्या घरातील तीन भाऊ. तिसऱ्या घरातील बाप आणि दोन मुलगे. शिवाय चार तरुण. घरच्यांना सांगण्यात आले की त्यांना राष्ट्रीय क्रीडांगणात पाठवले आहे. तेथे ते नव्हते. पाच वर्षे त्या गावच्या बायका विकारियाचे जिने चढत होत्या. त्यांच्या फाईली तयार होत्या, अर्ज फेटाळून झालेले होते.

नोव्हेंबर १९७८ मध्ये ख्रिस्तसभेच्या कानावर गुप्तपणे बातमी आली की लोंकेन येथील चुनखडीच्या जुन्या, बंद पडलेल्या भट्ट्यांत माणसांचे सांगाडे आहेत. बातमी पोलिसांना दिली असती तर दुसऱ्या दिवशी तेथे काहीच उरले नसते. म्हणून आधी खात्री करून घेण्यासाठी काही जण स्वतः तेथे गेले. सहायक बिशप एन्रीके आल्वेआर, विकारियाचे प्रमुख, वकील आणि दोन पत्रकार. त्यांतील एक पत्रकार सरकारकडे झुकलेल्या साप्ताहिकाचा होता आणि त्याला मुद्दाम नेले होते, म्हणजे पुढे कोणी म्हणू नये की हे चर्चवाल्यांनी रचलेले कुभांड आहे. भट्टीच्या तळाशी भगदाड पाडून त्यांनी आत पाहिले. हाडे होती, कपड्यांच्या चिंध्या होत्या. तेथून ते सरळ सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षांकडे गेले.

चौकशीसाठी नेमलेले न्यायाधीश आदोल्फो बान्यादोस यांनी काम चोख केले. चौकीच्या प्रमुखाने सांगितले की कैद्यांना लपवलेली शस्त्रे दाखवण्यासाठी रात्री भट्ट्यांकडे नेले होते, तेव्हा अज्ञात लोकांनी गोळीबार केला आणि त्यात पंधराही कैदी मेले. पोलिसांपैकी एकालाही ओरखडा नाही! सांगाड्यांवर गोळ्यांच्या खुणा सापडल्या नाहीत. न्यायाधीशांनी ही कहाणी विश्वास ठेवण्याजोगी नसल्याचे नोंदवले. परंतु सरकारने एप्रिल १९७८ मध्येच कायदा करून ११ सप्टेंबर १९७३ ते १० मार्च १९७८ या काळातील अशा गुन्ह्यांना माफी देऊन टाकली होती. आरोपी सुटले. सप्टेंबर १९७९ मध्ये घरचे लोक सांतियागोच्या देवळात अंत्यविधीच्या मिस्सासाठी शवपेट्यांची वाट पाहत थांबले होते; पेट्या आल्या नाहीत. अवशेष परस्पर नेऊन गावच्या दफनभूमीत एका सामायिक खड्ड्यात टाकण्यात आले होते. नीट ओळख पटवून, नावानिशी दफन व्हायला २०१० साल उजाडले.

तरीही लोंकेननंतर एक गोष्ट पुन्हा कोणाला म्हणता आली नाही: बेपत्ता माणसे परदेशी पळून गेली आहेत, किंवा ती नव्हतीच. विकारियाच्या यादीतील नावे आणि भट्टीतील हाडे यांचा मेळ बसला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने विकारियाला मानवी हक्क पुरस्कार दिला.

पुरस्काराने संरक्षण मिळाले नाही. विकारियाच्या नोंदी आणि माहितीचे पृथक्करण करणाऱ्या विभागाचे प्रमुख होते समाजशास्त्रज्ञ होसे मानुएल पारादा. २९ मार्च १९८५ रोजी सकाळी त्यांना एका शाळेच्या दारातून त्यांच्या शिक्षक मित्रासह पळवण्यात आले. दुसऱ्या दिवशी दोघे आणि आदल्या दिवशी पळवलेले एक चित्रकार असे तिघे जण सांतियागोबाहेर रस्त्याकडेला गळे चिरलेल्या अवस्थेत सापडले. मारेकरी पोलीस दलातील होते. ऑगस्टमध्ये दलाच्या प्रमुखाला लष्करी मंडळातून पायउतार व्हावे लागले आणि १९९४ मध्ये गुन्हेगारांना शिक्षा झाल्या. पारादा कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, हे येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही. विकारियात श्रद्धावंत होते तसेच श्रद्धा नसलेलेही होते, आणि मदत मागायला येणाऱ्याला तो मिस्साला जातो का असे विचारले जात नसे. सुखवस्तू वस्त्यांतील पुष्कळ कॅथोलिकांना हे खपत नसे. कार्डिनलनाच ते ‘लाल’ म्हणत. शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाने रस्त्याकडेच्या जखमीला त्याचा पक्ष विचारला नव्हता, एवढेच उत्तर यावर देता येते, आणि आम्हांला ते पुरेसे वाटते.

मारता येत नाही तेव्हा कागद मागितले गेले. १९८६ मध्ये विकारियाच्या एका डॉक्टरला आणि एका वकिलाला एका जखमी माणसाच्या प्रकरणात अटक झाली, आणि पुढे लष्करी वकिलाने विकारियाच्या वैद्यकीय नोंदीच ताब्यात मागितल्या. त्यावेळचे विकर बिशप सेर्जिओ वालेच यांनी १९८९ मध्ये त्या देण्यास स्पष्ट नकार दिला. ज्यांनी भरवशाने आपल्या जखमा दाखवल्या, त्यांची नावे त्यांच्या छळ करणाऱ्यांच्या हाती कशी द्यायची? तुरुंगात जायची वेळ आली तर जाऊ, अशी त्यांची तयारी होती. नोंदी जागच्या हलल्या नाहीत.

एक गोष्ट अशी आहे की ती गाळली असती तर लेख अधिक गोड वाटला असता. विकारियाचे पहिले विकर फादर क्रिस्तियान प्रेक्त यांचे या कामातील धैर्य खरे होते. पुढे त्यांच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी आल्या, त्या चौकशीत खऱ्या ठरल्या, २०१२ मध्ये त्यांना काही वर्षांसाठी धर्मसेवेतून दूर केले गेले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे धर्मगुरुपद काढून घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात चिलीच्या बिशपांनी अत्याचारांच्या प्रकरणांवरून पोपसाहेबांकडे एकत्रितपणे राजीनामे सादर केले होते. ज्या ख्रिस्तसभेने सरकारच्या बळींचे म्हणणे शब्दशः लिहून घेतले, तिने स्वतःच्या घरातील बळींचे ऐकायला फार उशीर केला. विकारियात आलेल्या बायकांना जो न्याय हवा होता तोच या माणसांनाही हवा होता: आमचे ऐका, लिहून घ्या, आणि असे काही झालेच नाही असे म्हणू नका. एका गोष्टीने दुसरी पुसली जात नाही. दोन्ही नोंदी राहिल्या पाहिजेत.

५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात जनतेने पिनोचे यांना नाकारले आणि ११ मार्च १९९० रोजी लोकनियुक्त सरकार आले. ३१ डिसेंबर १९९२ रोजी विकारियाने आपले दार बंद केले. काम संपले की कार्यालय बंद करायचे, हेही कौतुकाचेच. नाहीतर एकदा स्थापन झालेली समिती बंद झाल्याचे आपण कधी पाहिले आहे? कागद मात्र टाकले नाहीत. महाधर्मप्रांताने त्यांच्यासाठी वेगळे अभिलेखागार स्थापन केले. नव्या सरकारने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९१ मध्ये २,२७९ जणांचे मृत्यू किंवा बेपत्ता होणे नोंदवले, ते बऱ्याच अंशी या फाईलींच्या आधारावर. छळ सोसलेल्यांसाठी पुढे दुसरा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते नोंदी देण्यास नकार देणारे तेच बिशप वालेच. २००४ च्या त्याच्या अहवालात २७ हजारांहून अधिक लोकांची दखल घेतली गेली. २००३ मध्ये युनेस्कोने चिलीतील इतर संस्थांच्या संग्रहांसोबत विकारियाच्या संग्रहाचाही ‘जगाची स्मृती’ या नोंदणीत समावेश केला.

आणि माफीच्या कायद्याचे काय झाले? न्यायालयांत युक्तिवाद असा झाला की ज्या माणसाला पकडल्याचे सिद्ध होते, पण ज्याला सोडल्याचे किंवा जो मेल्याचे सिद्ध होत नाही, त्याचे अपहरण अजून चालूच आहे. चालू असलेला गुन्हा १० मार्च १९७८ ला संपला असे म्हणता येत नाही, म्हणून त्याला ती माफी लागू नाही. जानेवारी १९७५ मध्ये नाहीशा झालेल्या एका शिंप्याच्या खटल्यात नोव्हेंबर २००४ मध्ये चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले आणि गुप्त पोलिसांचा प्रमुख मानुएल कोन्त्रेरास याची शिक्षा कायम झाली. असे खटले उभे राहायला प्रथम पकडल्याची तारीख लागते, नेणाऱ्यांचे वर्णन लागते, पाहणाऱ्याचे नाव लागते. समाजसेविकेने समोर बसलेल्या बाईला विचारून जे कागदावर उतरवले होते, ते हेच.

एक हजाराहून अधिक माणसे अजून सापडलेली नाहीत. ३० ऑगस्ट २०२३ रोजी चिली सरकारने त्यांच्या शोधासाठी राष्ट्रीय योजना जाहीर केली. नातेवाइकांपैकी अनेक जण आता वारले आहेत; नातवंडे अभिलेखागारात येतात, आजीने सांगितलेली फाईल मागतात आणि तिच्या सहीखालची तारीख वाचतात.